कपाटातला शेजार

निपाणीचं घर विकायचं ठरलं तेव्हा भांडी, पलंग, देव, पाटा-वरवंटा या सगळ्यांची सोय एका दुपारी लागली. अडलं ते आप्पांच्या कपाटापाशी. मुलानं बेळगावात टिळकवाडीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय आणि आम्ही दोघांनी आता निपाणीत एकटं राहू नये असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबरच आहे. पण त्या लिफ्टमध्ये सागवानी कपाट मावत नाही. सूनबाईंनी मापं घेतली आणि फार गोड आवाजात सांगितलं, "पुस्तकं नेऊ या ना मामंजी, खोक्यांतून. तिथं नीट लावू."

नीट लावू, या दोन शब्दांनी मी दोन रात्री जागा होतो.

आप्पांचं कपाट नीट लावलेलं नव्हतं असं पाहणारा कुणीही म्हणेल. आम्ही बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जायचो. १८४८ सालची संस्था ती. तिथं कादंबरी कादंबरीपाशी, चरित्र चरित्रापाशी. आप्पांकडे तसलं काही नाही. ज्ञानेश्वरीच्या शेजारी कानडी अंकलिपी. 'गणगोत'च्या शेजारी अमेरिकेच्या रानातली कादंबरी. खतावणीच्या जुन्या वहीला टेकून इंदिरा संतांच्या कविता. लेखकवार नाही, विषयवार नाही, उंचीवारही नाही. पुस्तक मागितलं की मात्र आप्पा अंधारात हात घालून अचूक तेच काढायचे. "त्याच्याशेजारी काय हाय ते ठाऊक असलं की झालं," म्हणायचे.

ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. जन्म १९१६ चा, गेले १९९८ ला. मराठी सहावी शिकलेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला, कपाट उघडून लेखकवार लावायला बसलो. वरचे दोन कप्पे झाले असतील नसतील, धारवाडहून आलेली आक्का मागं येऊन उभी राहिली. "हात लावू नकोस," म्हणाली. एवढंच. त्या काळात आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं. मी थांबलो. ते दोन कप्पे मात्र कायमचे बिघडले. आज तिथं खांडेकर, गाडगीळ, पेंडसे असे शाळेच्या हजेरीपटासारखे उभे आहेत, आणि त्यांच्याकडं पाहून मला काहीही आठवत नाही.

पुढं केव्हातरी वाचनात आलं की हॅम्बुर्गला आबी वारबुर्ग नावाचे एक विद्वान होऊन गेले, त्यांचं ग्रंथालय असंच होतं. सावकारी पेढीवाल्या घरातला थोरला मुलगा. असं सांगतात की तेराव्या वर्षी त्यानं वडीलकीचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकला, अट एकच, मी मागेन ती पुस्तकं तू आयुष्यभर घेऊन द्यायची. भावानं शब्द पाळला. त्या ग्रंथालयात पुस्तकं 'चांगल्या शेजाऱ्याच्या नियमा'नं लावत. तुम्हांला हवं असलेलं पुस्तक हे खरं हवं असलेलं पुस्तक नसतंच, ते त्याच्या शेजारी असतं, अशी कल्पना. १९३३ साली हिटलर आल्यावर ती सगळी पुस्तकं जहाजातून लंडनला हलवली. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपले आप्पाही त्याच जातीचे. फरक एवढाच की वारबुर्गांकडं हजारो पुस्तकं आणि मदतनीस विद्वान. आप्पांकडं तीनशेच्या आतबाहेर आणि मदतीला वाळवी. वाळवी लागू नये म्हणून प्रत्येक पुस्तकात तंबाखूचं एकेक पान. आजही कुठलंही पुस्तक उघडलं की आधी एक शिंक येते आणि मग वाचन.

खोकी आणली. पण भरायच्या आधी ठरवलं, कोण कुणाशेजारी का आहे हे जमेल तेवढं उलगडायचं. आणि आक्काला फोन केला. ती आता शहात्तरची. भाच्यानं गाडीनं आणून सोडली. तवंदीचा घाट उतरला की तिला अजून निपाणीचा वास येतो म्हणते. वखारी कमी झाल्या, वास कुठला यायला, पण येतो म्हणते.

सोप्या जोड्या आधी सुटल्या. आनंद यादवांची 'झोंबी' आणि महादेव मोऱ्यांचं 'झोंबडं' शेजारीशेजारी असणार असं मला वाटलं होतं. आप्पा गेले तोवर 'झोंबडं' घरात नव्हतं, ते मी नंतर आणून तिथं ठेवलं, नावावरून. आक्काला ते पटलं नाही. म्हणाली, "ही तुझी जोडी, त्यांची न्हवं." आप्पांनी 'झोंबी'ला टेकवली होती ती माझी मॅट्रिकची गाइडं. कागल आमच्यापासून काही कोसांवर, आणि शिकण्यासाठी बापाशी झुंजणाऱ्या पोराची ती हकीगत आप्पांनी दोनदा वाचल्याचं मला माहीत होतं. गाइडं का ठेवली असतील हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढं येईलच ते. मोऱ्यांची बाकीची पुस्तकं मात्र आप्पांच्या हिशेबाच्या वहीशेजारी आहेत. निपाणीत राहून, गॅरेजात काम करून, टॅक्सी चालवून, पिठाची गिरणी चालवत लिहिणारा माणूस, २०२४ मध्ये गेला. आप्पांना त्याच्या लिहिण्याइतकंच त्याच्या गिरणीचं कौतुक. "दळतो आणि लिवतो" हे त्यांचं प्रशस्तिपत्र. हिशेबाच्या वहीचा शेजार म्हणजे मानाचा पाट होता, हे बाहेरच्याला कसं कळणार?

जी. ए. कुलकर्ण्यांनी अमेरिकन लेखक कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'रान', 'शिवार', 'गाव'. ओहायोच्या जंगलात झाडं तोडून वस्ती करणाऱ्यांची पिढ्यांची गोष्ट. त्यांतल्या 'शिवार'मध्ये १९८१ ची वर्तमानपत्राची कात्रणं निघाली. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर येऊन बसले ते वर्ष. आठवडे रस्ता बंद होता, रस्त्यावरच चुली पेटल्या होत्या, आणि सहा एप्रिलला गोळीबार झाला. आप्पा वखारवाल्यांचे नोकर, म्हणजे शेतकऱ्यांच्या दृष्टीनं पलीकडचे. घरी ते काही बोलले नाहीत. पण कात्रणं घडी घालून 'शिवार'मध्ये ठेवली. आणि त्याच पुस्तकाच्या डाव्या हाताला विजापूरच्या आदिलशाहीचा एक जुना इतिहास. हे कसं, म्हणून मी बराच वेळ डोकं खाजवलं. मग आठवलं. तंबाखू मूळ अमेरिकेची. पोर्तुगिजांबरोबर इकडं आली, आणि अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला होता त्यानं तिथं ती पहिल्यांदा पाहिली आणि हुक्क्यासकट आग्र्याला नेली. अकबरानं एक-दोन झुरके ओढले, हकिमांनी नको म्हटलं. ही गोष्ट आप्पा वखारीत सगळ्यांना रंगवून सांगायचे, जणू असद बेगानं माल आमच्याच वखारीतून उचलला. अमेरिकेचं रान, विजापूरचा दरबार, निपाणीचा रस्ता, एका वीत जागेत तिन्ही. धुळीनं शिंकणाऱ्या, पदर नाकाला बांधलेल्या चाळणीवरच्या बाया मात्र त्या कप्प्यात नव्हत्या. त्यांच्यावर १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट निघाला. त्याबद्दल आप्पांनी ऐकलं होतं, पाहिला नव्हता. माझ्याही कपाटात त्या अजून नाहीत, हे लिहिताना खटकतंय.

'गणगोत'चा उलगडा आक्कानं हसत केला. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि तिथल्या रावसाहेबांवर त्यांनी लिहिलं ते 'गणगोत'मध्ये आहे, हे आपल्या भागात नव्यानं सांगायला नको. रावसाहेबांचं ते कानडी वळणाचं, लिंग-वचनाची पर्वा न करणारं मराठी वाचताना आप्पा डोळे पुसपुसून हसायचे. कारण आमचे दाजी अस्संच बोलायचे. "चहा आली", "भाकरी झाला". आक्काचं सासर धारवाडचं, घरात कानडी. १९७० ला लग्न झालं तेव्हा तिला "बर्री, कूड्री" याच्यापलीकडं फारसं येत नव्हतं, आणि दाजींना मराठी यायचं ते असं. तेव्हा 'गणगोत' म्हणजे जावई. त्याच्या शेजारी जी. एं.नी अनुवादलेलं रिक्टरचंच 'रानातील प्रकाश'. चार वर्षांचा गोरा पोर इंडियन टोळीनं पळवून नेलेला, त्यांच्यातच लहानाचा मोठा झालेला. पंधराव्या वर्षी तहात त्याला सक्तीनं सख्ख्या आईबापांकडं परत पाठवतात. तो त्यांचा राहिलेला नसतो, आणि शेवटी टोळीचाही राहत नाही. जावयाच्या शेजारी हे पुस्तक. "तुला वाटतंय दाजींसाठी," आक्का म्हणाली, "ते माझ्यासाठी ठेवलंय."

मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. कारण इथून पुढचा कप्पा आमच्या भांडणाचा होता.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात सीमाभागात आंदोलन पेटलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन नको. गोळीबार झाला, माणसं मेली. मी तेहतीस वर्षांचा होतो आणि रक्त तापलेलं होतं. आक्का मुलांना घेऊन माहेरी आलेली, दाजी न्यायला आलेले. जेवताना विषय निघाला आणि मी ताटावरून म्हणालो, "तुमच्या लोकांनी गोळ्या घातल्या." आक्कानं हातातला घास खाली ठेवला. "माझी लोकं कुठली रे मग?" एवढंच विचारलं. मी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे दिलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजी शांतपणे उठले, हात धुतले, पिशवी उचलली. संध्याकाळच्या गाडीनं ते सगळे गेले. त्या दिवाळीला आक्का आली नाही. पुढच्याही नाही.

पत्रं मात्र यायची, आप्पांच्या नावानं. आणि पहिलंच पत्र उघडलं तर कानडी अक्षरं. घरातली सगळी टपालं मीच फोडायचो, मीच वाचून दाखवायचो. आप्पांचा जाड भिंगांचा चष्मा फार वेळ लावला की डोकं दुखायचं. मला कानडी म्हणजे एसटीच्या पाट्यांपुरतं, तेही अक्षरं वाचून नव्हे, आकार ओळखून. मी ते पत्र आप्पांच्या पुढ्यात टाकलं. "घ्या, तुमची लेक कानडीण झाली." आप्पांनी पत्र उलटसुलट पाहिलं आणि खिशात ठेवलं.

१९५६ च्या एक नोव्हेंबरला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा आप्पा चाळिशीचे होते. कानडी बोलायचे सफाईनं, शेतकऱ्यांशी भाव करण्याइतकं. पण लिपी कधी शिकले नाहीत. शिकणार नाही असा त्यांचा पण होता म्हणा ना. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या मांडवात ते उभे होते. याद्या, नोटिसा, सातबारा, सगळं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि मराठीत सही ठोकायचे. अशा माणसाच्या कपाटात कानडी अंकलिपी दिसली तेव्हा मी समजलो, वखारीच्या कामाला लागत असेल. ज्ञानेश्वरीशेजारी का ठेवली, याचंही उत्तर मीच स्वतःला देऊन टाकलं होतं. ज्ञानदेवांनीच विठ्ठलाला कानडा म्हटलंय. त्याच कप्प्यात रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' होतं. म्हटलं, म्हातारा धार्मिक झालाय.

आता, खोकं पुढ्यात घेऊन, ती अंकलिपी मी पहिल्यांदा उघडली. प्रत्येक कानडी अक्षरावर पेन्सिलीनं मराठी अक्षर. क ख ग घ, क्रम तोच आहे, ब्राह्मीची दोन्ही लेकरं, घर बदललं तरी भावंडांचा क्रम बदललेला नाही. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आपल्याकडं नाहीत, तिथं आप्पांनी प्रश्नचिन्ह काढलेलं. ळ पाशी मात्र बरोबरची मोठी खूण. ओळखीचा माणूस परगावात भेटावा तशी. मागच्या कोऱ्या पानावर जोडून जोडून लिहिलेले शब्द: आक्का, धारवाड, दिवाळी, ये. वयाच्या सत्तराव्या वर्षी.

ढेऱ्यांच्या पुस्तकामागं, भिंतीकडच्या बाजूला, दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा.

"ती कानडीत न्हाईत," आक्का म्हणाली. "मराठीच हाय. अक्षरं तेवढी कानडी."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिला आप्पांशी बोलायचं होतं, माझ्या तोंडून जाणारं नको होतं. मराठीत लिहिलं तर वाचणार मी. म्हणून भाषा आपली आणि लिपी शेजारची असं कुलूप घातलं. तिला वाटलं, आप्पा शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतील. आप्पा कुणाकडेच गेले नाहीत. पहिल्या पत्राचं उत्तर पाच महिन्यांनी आलं म्हणे, मराठीत, दोन ओळी. पण वाचलं होतं ते स्वतः. ती पाच महिने रडत होती की बापानंही टाकलं.

या साऱ्या काळात मी त्याच घरात होतो. रात्री दिवा उशिरापर्यंत जळतो म्हणून मी कुरकुर केल्याचंही मला आठवतं.

आता ययातीकडं येतो, कारण तो याच कप्प्यात होता आणि त्याला टाळून चालणार नाही. खांडेकरांचा 'ययाति' १९५९ चा. त्याला चिकटून एक पातळ कानडी पुस्तक, गिरीश कार्नाडांचं 'ययाति', १९६१ चं. एकाच नावाची दोन पुस्तकं शेजारी, यात उलगडायचं ते काय? पण आक्का म्हणाली, "काढ की दोन्ही." काढली. मधून एक पिवळी पावती पडली. देवचंद कॉलेज, अर्जुननगर, १९७२. माझ्या फीची.

ज्यांना आमच्याकडची गंमत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गाव निपाणी, चिकोडी तालुका, तेव्हा म्हैसूर राज्य, आणि चालत जाण्याच्या अंतरावरचं कॉलेज कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. आम्ही पोरं रोज सकाळी राज्य ओलांडून तासाला जायचो आणि दुपारी जेवायला परराज्यात यायचो. मला मराठी घेऊन बी. ए. व्हायचं होतं. दुसऱ्या वर्षाची फी भरली आणि आप्पांचे डोळे गेले. मोतीबिंदू. दिवाणजीला आकडा दिसेना म्हणजे संपलंच. वखारीचे मालक बरे होते, म्हणाले, पोराला बसवा. आप्पांनी मला विचारलं, हुकूम केला नाही, विचारलं. आणि मी हो म्हटलं. तीन वर्षांनी मिरजेला ऑपरेशन झालं, जाड चष्मा लागला, डोळे परत आले. तोवर खतावणीवर माझं अक्षर पक्कं बसलं होतं. मी पस्तीस वर्षं वखारीत काढली. वाईट गेली असं नाही. खोकला सोडला तर.

ययातीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. शापानं म्हातारपण आलेला राजा मुलांकडं तारुण्य मागतो, चार मुलगे नाही म्हणतात, धाकटा पुरू हो म्हणतो. खांडेकरांच्या कादंबरीत लक्ष राहतं ते ययातीवर, त्याच्या भोगावर आणि पश्चात्तापावर. कार्नाडांनी तेविशीच्या आत लिहिलेल्या नाटकात पुरूची बायको चित्रलेखा उभी राहते, नवऱ्याच्या त्या थोर त्यागाला नकार देते आणि विष घेते. कार्नाड तेव्हा ऑक्सफर्डला निघाले होते आणि घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं या नाटकात उतरलं असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आप्पांना हे कुठून कळणार? आक्कानं वाचून दाखवलं होतं. ती धारवाडहून ते नाटक घेऊन आली होती, १९८४-८५ ची गोष्ट असेल. डोळे कानडीवर आणि तोंडानं मराठी. उमा कुलकर्णी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणताना विरूपाक्षराव कानडी वाचून टेप करून ठेवत आणि त्या ऐकून लिहीत, असं आपण वाचलंय. त्याही मूळच्या बेळगावच्या. आमच्या माजघरात त्याच पद्धतीनं, टेपरेकॉर्डरशिवाय, एक नाटक तीन दुपारींत मराठीत आलं आणि हवेत विरून गेलं. श्रोता एक.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ऐकून घेतलं. पुस्तक ठेवून जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी कपाटात बघितलं तर मधी ही पावती."

गठ्ठ्यातलं एक पत्र तिनं शोधून माझ्यापुढं धरलं. तिचे डोळे आता अधू झालेत, माझे बरे आहेत, आणि वखारीच्या कागदपत्रांनी मला तोवर कानडी अक्षरं शिकवली होती, रडतखडत का होईना. "वाच," म्हणाली. मी वाचायला लागलो. विचित्र वाटतं ते. अक्षर परकं, एकेक जुळवून उच्चारावं तर आपलीच आई बोलतेय असं मराठी बाहेर पडतं. वळण तिचं, शब्द तिचे, 'करंज्या', 'पाऊसपाणी', 'तब्येत जपा'. च आणि ज आपल्याकडं दोन तऱ्हांनी बोलतात, कानडीत ती सोय नाही, त्यामुळं 'चार' वाचताना मी दोनदा अडखळलो. आक्कानं दुरुस्त केलं. पत्रात पुढं होतं: दोन पुस्तकांच्या मध्ये तुम्ही काय ठेवलंत ते मी पाहिलंय आप्पा, त्याला एकदा सांगून टाका. आणि खाली: त्याचा खोकला कसा आहे? रात्री उठतो का? अडुळसा द्या.

दुसरं पत्र काढलं, तिसरं काढलं. १९८६ पासून १९९१ पर्यंतची, भाच्याच्या मुंजीत आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं तोवरची. कुठं बाळंतपण, कुठं दाजींची बदली. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी माझा खोकला.

आप्पांनी मला काही सांगितलं नाही. पण अडुळशाचा काढा त्या वर्षांत रोज रात्री माझ्या उशाशी असायचा, आणि तो आई करते असं मी धरून चाललो होतो.

आक्काला म्हटलं, "ही पत्रं तू घेऊन जा, तुझीच आहेत." ती म्हणाली, "लिहिलेली माझी, पण आलेली हितं." मग तिनं कानडी 'ययाति' परत मागितला आणि थोड्या वेळानं तोही नको म्हणाली, जोडी मोडेल. बेंद्रेंचा 'संवाद' मात्र तिनं मागून घेतला. द. रा. बेंद्रे आयुष्यभर कानडीत लिहून ज्ञानपीठापर्यंत पोचले, घरची भाषा मराठी, आणि उतारवयात हा एक मराठी संग्रह. आप्पांनी तो इंदिराबाई संतांच्या 'गर्भरेशीम'शेजारी ठेवला होता. का, ते आम्हां दोघांनाही सांगता आलं नाही. इंदिराबाई विजापूर जिल्ह्यात इंडीला जन्मल्या आणि बेळगावच्या झाल्या, तेवढंच असेल. किंवा दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी घेतली असतील. संग्रह काढून घेतल्यावर पडलेल्या फटीत आक्कानं तिथलाच एक कॅलेंडरचा पुठ्ठा कापून उभा केला, त्यावर लिहिलं, 'बेंद्रे धारवाडला गेलेत'. मराठी अक्षरांत.

नातीनं प्रत्येक पुस्तकाला पेन्सिलीनं नंबर घातले, म्हणजे टिळकवाडीला लोखंडी मांडणीवर याच क्रमानं लागतील. दोनशे एकोणनव्वद भरली. वरच्या दोन कप्प्यांना तिनं नंबर घातले नाहीत. "ती लेखकवारच आहेत ना आजोबा, ती कशीही लागतील." खालच्यांत एकशे सतरा आणि एकशे अठरा ही जोडी मात्र कुणालाच सुटली नाही: दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' आणि तेलाच्या इंजिनाची दुरुस्ती शिकवणारं एक जुनं पुस्तक. आमच्या घरी इंजिन कधीच नव्हतं. आक्कानं दोन्ही उघडून पाहिली, शिंकली, तंबाखूची पानं पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाली, "बांध तशीच."